आहेराचं पाकीट, ओवाळणीचा बटवा: घरच्या घरी, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

आमच्या घरातल्या कुठल्याही कार्यात आहेराची वही माझ्याकडे असते. मंडपातली गर्दी ओसरली की सतरंजीवर बसायचं, मोठी पिशवी उलटी करायची आणि एकेक पाकीट उघडून नाव नि रक्कम लिहीत जायचं. हे काम केलं की पाकिटाकडे बघायची नजरच बदलते. बाहेरून मोती, आरसे, गोटा; आत नोट गोंदाला चिकटलेली. बटवा इतका देखणा की ठेवून द्यावासा वाटतो, पण दिला कोणी याचा पत्ता नाही. आणि पिशवीच्या तळाशी निखळून पडलेले शकुनाचे रुपये. ते कोणाच्या पाकिटाचे, हे देवालाही सांगता येणार नाही.

तेव्हा सजावट नंतर. पाकीट देणाऱ्याच्या हातात घटकाभर असतं, त्रास किंवा आनंद उघडणाऱ्याला होतो. नोट अखंड निघाली पाहिजे, नाणं जागेवर राहिलं पाहिजे आणि नाव वाचता आलं पाहिजे. एवढं साधलं की वर काय हवं ते लावा.

१. आधी सामान जमवा

- ३० सेंमीची स्टीलची पट्टी, पेन्सिल, कात्री. असेल तर कटर
- शाई संपलेलं बॉलपेन (फेकू नका, सगळ्यात कामाचं तेच)
- गोंदाची कांडी, म्हणजे फेविस्टिकसारखी
- ए-फोर मापाचे थोडे जाड कागद, १०० ते १२० जीएसएमचे
- जुन्या लग्नपत्रिका
- ब्लाऊजपीस, साडीचे काठ, शिंप्याकडची कतरन
- सुती दोरा, नाडी, सुई
- बटर पेपर, रिकाम्या आगपेट्या

ओला फेविकॉल पातळ कागदाला लावू नका. कागद सुरकुततो, आणि गोंद आत उतरला तर नोट धरून बसतो. मैद्याची खळ स्वस्त पडते खरी, पण पाकिटं काही महिने ठेवायची असतील तर तिच्यावर कसर आणि झुरळं हमखास येतात.

इंदुरात नवीन असाल तर कागदासाठी खजुरी बाजार आणि कापडासाठी सीतलामाता बाजार. दोन्ही राजवाड्यापासून पायी अंतरावर आहेत, गाडी लांबच लावा. शिंपी ओळखीचा असेल तर माहेश्वरीची कतरन मागून ठेवा. सूत-रेशमाचं ते कापड हलकं असतं, घडी धरतं आणि त्याचा काठ आयता सजावटीचा. सणाच्या आधीच्या आठवड्यात मात्र शिंप्याकडे जाऊ नका, तो कतरन तर देणार नाहीच, वर बोलेल.

चमकी, थर्माकोलचे मणी आणि लॅमिनेशन केलेला चकचकीत कागद मी वापरत नाही. इथे कचरागाडीत सहा प्रकारचा कचरा वेगळा द्यावा लागतो. चमकी आणि प्लास्टिक चिकटलेला कागद ना धड कागद, ना धड प्लास्टिक. शिवाय चमकी पाकिटावरून शालूवर जाते, शालूवरून सोफ्यावर, आणि दिवाळीपर्यंत घरात सापडत राहते.

२. पाकीट कुठे, कसं दिलं जाणार ते ठरवा

कागद कापण्याआधी एवढा विचार कराच. रिसेप्शनच्या रांगेत दिलेलं पाकीट यजमान लगेच कोणाच्या तरी हातात देतात आणि ते पिशवीत जातं. तिथे चपटं, सपाट पाकीटच हवं. गोंडे, घुंगरू, उभे मोती तिथे एकमेकांत अडकतात.

ओवाळणी तबकात पडते, आणि तबकात निरांजन पेटलेलं असतं. जाळीचं कापड, टिश्यू पेपर, कागदी झालर तिथे नकोच. शिवाय ओलं कुंकू आणि तेल लागतं, तेव्हा भाऊबीजेला गडद रंगाचा कापडी बटवा बरा. पांढऱ्या हँडमेड कागदाची दशा बघवत नाही.

मुंजीत भिक्षावळ झोळीत पडते, तांदळासोबत. तिथे पाकीट दिलंत तर त्यात तांदूळ शिरतात. लहान, तोंड आवळलेली थैली द्या. बारशाला किंवा वाढदिवसाला लहान मुलाच्या हातात देणार असाल तर सुटं नाणं, मणी, टिकल्या काहीही बाहेर नको. ते सरळ तोंडात जातं.

हळदीकुंकवाच्या वाणाला दोन-तीन डझन नग लागतात, म्हणून तिथे एकेक नग पाच मिनिटांत होईल असंच काही निवडा. उत्साहाच्या भरात बटवे शिवायला घेणाऱ्या बायका रथसप्तमी उलटली तरी नाडी ओवत बसलेल्या असतात.

३. नोटांची मापं आणि नोटांची मर्जी

पाकीट नोटेच्या मापाने करायचं, नोट पाकिटाच्या मापाने दुमडायची नाही. सध्याच्या नोटांची मापं मिलिमीटरमध्ये अशी:

- ५०० रुपये: १५० × ६६
- २०० रुपये: १४६ × ६६
- १०० रुपये: १४२ × ६६
- ५० रुपये: १३५ × ६६
- २० रुपये: १२९ × ६३
- १० रुपये: १२३ × ६३

जुन्या छापाची १०० ची नोट अजून चालते, ती मोठी आहे: १५७ × ७३. म्हणून पाकिटाची आतली जागा १७ सेंमी × ८ सेंमीपेक्षा कमी ठेवू नका, म्हणजे कुठलीही नोट न दुमडता बसेल.

नोटेला स्टेपल, टाचणी, सेलोटेप, गोंद यातलं काहीही लावू नका, आणि नोटेवर 'शुभाशीर्वाद' लिहू नका. रिझर्व्ह बँकेने १९९९ मध्ये स्वच्छ नोटांचं धोरण आणलं आणि २००१ मध्ये बँकांना नोटांच्या गड्ड्यांना स्टेपल मारणं बंद करायला सांगितलं. नोटांचे हार, तोरणं, मंडपाची सजावट करू नका असं आवाहनही बँक वारंवार करते. लग्नात नवरदेवाला नोटांचा हार घालायची हौस आपल्याकडे अजून दांडगी आहे. तो हार नंतर सोडवून, एकेक पिन काढून, भोकं पडलेल्या नोटा कोण सरळ करतं ते विचारा. वहीवाली करते.

नोटांची फुलं, सदरा, मोर करायचे व्हिडिओ बघून हात शिवशिवतात, कळतं. करायचंच असेल तर इतकंच करा: नोट पेन्सिलीभोवती सैल गुंडाळा, मधोमध सुती दोऱ्याची सैल गाठ मारा आणि अशा पाच-सात सुरळ्या छोट्या वाटीत उभ्या ठेवा. आपल्या नोटेचा कागद कापसाचा असतो, पडलेली कडक घडी सहज जात नाही. सुरळी मात्र रात्रभर वहीखाली ठेवली की सपाट होते.

कोऱ्या नोटा हव्या असतील तर बँकेत लग्नसराईच्या आधी विचारा. ऐन तिथीच्या आदल्या दिवशी कॅशियरकडे गेलात तर तो तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो, त्यात त्याची चूक नाही.

४. मूळ पाकीट: एका ए-फोर कागदाचं

हे एक नीट जमलं की बाकी सगळे त्याचेच अवतार.

ए-फोर कागद उभा धरला की २१ सेंमी रुंद आणि २९.७ सेंमी लांब असतो. लांबीतून २० सेंमीचा तुकडा कापा. उरलेली पट्टी टाकू नका, ती पुढे लागणार आहे.

आता २१ × २० चा तुकडा, आतली बाजू वर करून ठेवा. खालच्या काठापासून ८ सेंमीवर आडवी रेघ मारा. तिच्यावर ८.५ सेंमी मोजून दुसरी. वर ३.५ सेंमी उरतात, ते झाकण. मग डाव्या आणि उजव्या काठापासून दीड-दीड सेंमी आत उभ्या रेघा. कागदाचे तीन मजले झाले आणि दोन्ही बाजूंना अरुंद पट्ट्या.

मधल्या मजल्याच्या पट्ट्या ठेवा, ते पाकिटाचे कान. खालच्या आणि वरच्या मजल्याच्या पट्ट्या कापून टाका. कानांची दोन्ही टोकं किंचित तिरकी छाटा, नाहीतर घडी घातल्यावर कोपऱ्यातून डोकावतात.

आता ते शाई संपलेलं बॉलपेन घ्या. पट्टी रेघेवर घट्ट धरा आणि पेन एकदाच, सावकाश, जोर देऊन ओढा. कागद कापायचा नाही, फक्त त्यात चर पडली पाहिजे. बोट फिरवून बघा, चर लागली की घडी आपोआप सरळ येते. या एका पायरीवरून पाकीट हातचं वाटेल की दुकानातलं, ते ठरतं. हे न करता नुसत्या नखाने घडी घालणाऱ्यांची पाकिटं मला वहीवर बसल्या बसल्या ओळखू येतात.

कान आत दुमडा. गोंद कानाच्या फक्त बाहेरच्या, घडीलगतच्या निम्म्या भागावर लावा. आतली कड कोरडीच राहू द्या, नोट तिथेच टेकते. खालचा मजला वर दुमडून कानांवर दाबा. जाड पुस्तकाखाली तासभर ठेवा.

झाकणाला गोंद लावायचा नाही. कधीच नाही. ते तोंडात आत खोचा किंवा पाकिटाला सुती दोऱ्याचे दोन फेरे देऊन सरफास मारा. चिकटवलेलं झाकण घाईत फाडलं जातं आणि त्यासोबत नोटेचा कोपरा.

नोट आत घालताना एकदा उलटी करून झटकून बघा. अडकली तर गोंद आत गेला आहे. ते पाकीट किराण्याच्या चिठ्ठ्यांना वापरा.

५. वरचा रुपया

१०१, २५१, ५०१ मधला तो एक. गोंदाच्या ठिपक्याने चिकटवलेलं नाणं थंडीत टिकतं, मे महिन्याच्या लग्नात सुटतं. त्यापेक्षा उरलेल्या पट्टीतून किंवा पत्रिकेच्या पुठ्ठ्यातून चार सेंमीचा चौकोन कापा. त्यावर नाणं ठेवून पेन्सिलीने गोल काढा. गोलाच्या डाव्या आणि उजव्या बाजूला, रेघेच्या किंचित आत, सेंटिमीटरभर लांबीची चीर कटरने द्या. नाण्याच्या कडा या दोन चिरांत खोचा. जुन्या आल्बममध्ये फोटोचे कोपरे अडकवायचे, तसंच. नाणं दिसतं, हलत नाही आणि काढायला सोपं. मग हा चौकोन पाकिटावर चिकटवा.

नाण्यांची मापं छापाप्रमाणे बदलतात, त्यामुळे गोल दर वेळी प्रत्यक्ष नाण्यावरूनच काढा. दहाचं आणि वीसचं नाणं दोन्ही २७ मिमीची आहेत, ती एकाच साच्यात बसतात. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस नाणी द्यायची असतील तर या चिरांच्या भानगडीत पडू नका, सरळ बटवा शिवा.

६. जुन्या पत्रिकांची पाकिटं

सगळ्यात सुंदर कागद घरात आधीच पडून असतो. गणपती छापलेली पत्रिका टाकवत नाही, म्हणून कपाटावर साठते. गणपती, कलश किंवा वेलबुट्टी मधोमध येईल असं माप धरून पाकिटाची पुढची बाजू तीच ठेवा. कागद फार जाड असेल, तर अख्खं पाकीट त्याचं करू नका. साध्या कागदाचं पाकीट करून त्यावर पत्रिकेचा तुकडा चिकटवा.

सापळा असा: आतल्या बाजूला छापलेली नावं. 'चि. सौ. कां.' अमुकच्या लग्नाची पत्रिका तमुकच्या लग्नात आहेर होऊन गेली आणि पाकीट उघडल्यावर आत जुनी तिथी दिसली, तर गावभर हसू होतं. आतून कोरा कागद लावा. आणि ज्यांची पत्रिका आहे, त्यांनाच ते पाकीट परत जाणार नाही एवढं बघा.

७. ब्लाऊजपीसचा बटवा

ओटीत आलेले आणि पुढच्या ओटीत जाण्याची वाट बघणारे ब्लाऊजपीस प्रत्येक घरात आहेत. त्यांना या फेऱ्यातून सोडवायचा हा उपाय.

एका बटव्याला १८ सेंमी रुंद, ४२ सेंमी लांब कापड. मीटरभर पन्ह्याच्या ८० सेंमी ब्लाऊजपीसमधून आठ निघतात. आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड घासून बघा. रंग फडक्यावर आला तर तो नोटेवरही येईल, विशेषतः पावसाळ्यात. ते कापड बाद.

दोन्ही अरुंद टोकांना अर्धा सेंमी मुरड घालून तीन सेंमीचा नेफा दुमडा आणि टीप मारा. लांबी ३५ वर येते. सुलट बाजू आत ठेवून मधोमध घडी घाला, दोन्ही बाजू एक सेंमी आत शिवा. शिवण नेफ्याच्या टिपेपर्यंतच न्या, नेफ्याची तोंडं मोकळी राहिली पाहिजेत. इथेच बहुतेकजणी फसतात: शिवत वरपर्यंत जातात आणि मग नाडी कुठून ओवायची ते कळत नाही. हाताने शिवत असाल तर धावदोरा नको, उलटी टीप घाला, नाण्यांच्या वजनाने धावदोरा उसवतो.

४५ सेंमीच्या दोन नाड्या. एक डावीकडून ओवून पूर्ण फिरवून डावीकडेच बाहेर, दुसरी उजवीकडून तशीच. दोन्ही एकदम ओढल्या की तोंड घट्ट आवळतं. यात ५०० ची नोट एकदा दुमडून छान बसते. जरीच्या कापडाच्या दशा सुटतात, म्हणून आतल्या कडांना काजटाका घाला.

८. छोट्या वस्तू: तिळगूळ, शेव, चांदी

तिळगूळ किंवा बत्तासे द्यायचे तर बटर पेपरचा १५ सेंमीचा चौकोन कोनासारखा गुंडाळा, टोक दुमडा, वरची कड आत खोचा. बाहेरून रंगीत कागदाचा दुसरा कोन. वर्तमानपत्रात खाण्याचा पदार्थ गुंडाळू नका, छपाईच्या शाईमुळे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते वर्ज्य केलं आहे. आणि शेव? इंदूरकर कोणाकडेही शेव घेतल्याशिवाय जात नाही, पण लौंगेची शेव कागदी पुडीत दिलीत तर यजमानाच्या घरी पोचेपर्यंत तेलाचा नकाशा उमटतो. काचेची छोटी बरणी, झाकणावर काठाचं कापड, वर दोरा. बरणी पुढे जिरावनला, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याला, कामी येते.

चांदीचं नाणं किंवा जोडव्यांसारखी लहान वस्तू असेल तर आगपेटीचं खोकं घ्या. आधी वस्तू बसते का बघा. बाहेरच्या खोळीवर, गुल घासायच्या पट्टीसकट, कागद गुंडाळा. आतल्या खणाला पुढे दोऱ्याचा फास लावा, म्हणजे ओढता येतो. सराफ्यात चांदी ज्या पातळ गुलाबी कागदात देतात, तो तसाच राहू द्या. चांदीला रबरबँड मात्र लावू नका. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते, आणि दोष सोनाराला लागतो.

९. नाव लिहा. खरंच लिहा.

आत एक चिठ्ठी: पूर्ण नाव, गाव किंवा वस्ती, कोणाकडचे, आणि रक्कम. 'श्री. व सौ. जोशी' एवढ्याने भागत नाही. रामबागेतले जोशी, सुदामानगरचे जोशी आणि वराच्या मामाकडचे जोशी एकाच मंडपात असतात. 'सौ. मावशी' लिहिणाऱ्यांना तर काय म्हणावं, मावश्या चार आहेत. रक्कम लिहायला संकोच वाटतो हे मान्य, पण ती झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलीत तर मोजणाऱ्याची चूक तिथेच पकडली जाते आणि पुढे तुमच्याकडे कार्य निघालं की तो परतीचा आहेर बरोबर करू शकतो.

लिहायचं ते नोट घालण्याआधी. भरलेल्या पाकिटावर बॉलपेन दाबलं की नोटेवर ठसा उमटतो. जेल पेन वापरत असाल तर शाई वाळू द्या.

फोनवरून पैसे पाठवले असतील तरी हात हलवत जाऊ नका. पाकिटात चिठ्ठी घाला, त्यावर तारीख आणि रक्कम लिहा, वरचा रुपया खोचा. आजी-आजोबांना तो रुपया हातात घ्यायचा असतो, आणि वहीत नोंद करणारीलाही काहीतरी हाती लागतं. उलट, राखीच्या पाकिटात नोट घालून साध्या टपालाने किंवा कुरिअरने पाठवू नका. वाटेत गहाळ झाली तर दाद मागायला जागा नाही.

१०. साठवण

लग्नसराईआधी एका बैठकीत वीस-पंचवीस पाकिटं करून टाकावीत: आधी सगळे कागद कापायचे, मग सगळ्या चरा, मग सगळा गोंद. एकेक पूर्ण करत बसलात तर दुपार जाते आणि हातात सहाच येतात. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात उभी ठेवा, नाण्याचे चौकोन वेगळ्या पुडीत. डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांचा वास कागदात आणि मग नोटेत मुरतो. कडुनिंबाची वाळलेली पानं किंवा चार लवंगा पुरतात. डब्यावर आतल्या पाकिटांचं माप लिहून ठेवा, कारण ऐन वेळी पाकीट शोधायला घरातला जो माणूस जाईल, तो तुम्ही नसाल.